तिच्या नावाने लिहिलं त्याने, माफी मात्र तिची

नवऱ्याने बायकोच्या किंवा बायकोने नवऱ्याच्या सोशल मीडिया खात्यावरून काहीतरी भलतंच लिहायचं, त्यावरून गदारोळ उठायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खात्यावर 'ती पोस्ट माझी नव्हती, घरच्यांकडून झाली, कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर जाहीर माफी मागते' असं निवेदन यायचं, हा प्रकार आता सर्रास झाला आहे. लोकप्रतिनिधींपासून सोसायटीच्या कमिटीपर्यंत तो सगळीकडे दिसतो. आणि दर वेळी त्यावरची चर्चा त्याच दोन रुळांवरून धावते. एक बाजू म्हणते, थापा आहेत. पोस्ट हिनेच टाकली, अंगाशी आल्यावर नवऱ्याचं नाव पुढे केलं. दुसरी बाजू म्हणते, नवरा-बायकोतला मामला आहे, एकाकडून चूक झाली, दुसऱ्याने माफी मागितली, आता किती ताणायचं? पहिल्या बाजूला गुन्हेगार शोधायचा असतो, दुसरीला विषय मिटवायचा असतो. जिच्या नावाने दुसऱ्याच कुणी तोंड उघडलं, तिचं पुढे काय झालं, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं असं की अशा प्रकरणात पहिला अन्याय होतो तो खातं ज्याचं आहे त्याच्यावर. लोकांच्या भावना वगैरे त्यानंतर. म्हणून माफी मागायची ती लिहिणाऱ्याने, स्वतःच्या नावाने, आणि आधी आपल्या जोडीदाराची. तीही जिथे त्याचं नाव खराब झालं त्याच चावडीवर. खातेदाराने दुसऱ्याच्या शब्दांबद्दल मागितलेली माफी ही माफी धरूच नये. तो त्याच खात्याचा दुसऱ्यांदा केलेला गैरवापर आहे. अनेकदा तर निवेदनाचा मजकूरही त्याच हातांनी टाइप केलेला असतो, ज्यांनी आधीची पोस्ट टाकली होती.

खरं-खोटं शोधण्यातच सगळी शक्ती गेली की काय निसटतं, हे अमेरिकेतल्या एका गाजलेल्या प्रकरणात नीट दिसतं. ब्रायन कोलँजेलो हे फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स या बास्केटबॉल संघाच्या कारभाराचे प्रमुख होते. २९ मे २०१८ रोजी 'द रिंगर' या संकेतस्थळाने बातमी दिली की ट्विटरवरची पाच टोपणनावांची खाती या माणसाशी जोडलेली दिसतात. त्या खात्यांवरून स्वतःच्याच संघातल्या जोएल एम्बीडसारख्या खेळाडूंवर टीका होत होती, कोलँजेलोंच्या आधीच्या प्रमुखांना नावं ठेवली जात होती, संघातल्या आतल्या गोष्टी बाहेर पडत होत्या, आणि कोलँजेलोंच्या शर्टाच्या कॉलरची टिंगल करणाऱ्यांना उत्तरंही दिली जात होती. बातमीदाराने संघाकडे मुद्दाम पाचपैकी दोनच खात्यांबद्दल विचारणा केली. त्याच दिवशी उरलेली तीन खातीही कुलूपबंद झाली. पुढचे काही दिवस सगळीकडे एकच प्रश्न: लिहिलं त्याने की त्याच्या बायकोने? संघाने नेमलेल्या वकिलांनी चौकशी केली. चार खाती आपण चालवत होतो अशी कबुली पत्नीने दिली, पण फोन चौकशीसाठी देण्याआधी तिने तो पुसून कोरा केला होता. ७ जून रोजी कोलँजेलोंनी राजीनामा दिला.

इथे खाती टोपणनावांची होती, एकाने दुसऱ्याचं नाव थेट वापरलेलं नव्हतं, हे मान्य. तरी चौकशी करणाऱ्या वकिलांनी जी विभागणी केली ती आपल्या कामाची आहे. लिहिलं कुणी हा एक प्रश्न, आणि लिहिणाऱ्याच्या हातात ती माहिती आली कुठून हा दुसरा. शब्द पत्नीचे, पण संघातली गुपितं घरी आणली ती पतीने, आणि ती जपण्यात तो निष्काळजी होता, असा निष्कर्ष निघाला. दोघांची जबाबदारी वेगवेगळी मोजली गेली. 'बायकोने केलं' एवढ्यावर तो सुटला नाही, आणि 'कुटुंब म्हणजे एकच' असं म्हणून तिचं कृत्यही त्याच्या नावावर ढकललं गेलं नाही. आपल्याकडच्या चर्चेत नेमकी ही विभागणीच होत नाही. आपण नवरा-बायकोचं एक गाठोडं बांधतो आणि मग ते गाठोडं दोघांपैकी ज्याची बाजू लंगडी त्याच्या डोक्यावर ठेवतो.

ही सवय जुनी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने त्याची गोष्ट ऐकलेली असते: राघोबादादांनी गारद्यांना लिहून दिलं होतं 'नारायणरावांना धरावे', आणि आनंदीबाईंनी त्यातल्या 'ध'चा 'मा' केला. नवऱ्याच्या नावाने गेलेल्या हुकुमात बायकोने परस्पर फेरफार करण्याचं याहून मोठं उदाहरण आपल्या इतिहासात नाही. पण ही गोष्ट कितपत खरी, याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. निर्विवाद आहे ते रामशास्त्री प्रभुण्यांचं वागणं. त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते राघोबादादांना. ज्याच्या नावाने हुकूम निघाला, ज्याला त्यातून गादी मिळणार होती, त्याला. आता लोकांच्या तोंडी काय उरलं ते पाहा. अडीचशे वर्षं झाली, राघोबाच्या नावाला अटकेपार झेंडे लावल्याचा मान चिकटून आहे, आणि आनंदीबाईच्या नावाला तो एक 'मा'. गारदी कुणाचे होते, नजरकैदेतून सुटून पेशवा कोण झाला, हे सगळं मागे पडलं. एका बाईने एक अक्षर बदललं, ही आठवण सगळ्यांना सोयीची होती. रामशास्त्र्यांनी ज्याला जबाबदार धरलं त्याला लोकांनी निम्मं माफ करून टाकलं.

म्हणून कुणी मोठा माणूस 'पोस्ट बायकोकडून झाली' म्हणतो, तेव्हा मला आधी रामशास्त्र्यांचा प्रश्न आठवतो: हुकूम कुणाच्या नावाने गेला आणि फायदा कुणाचा होता? पण उलट बाजूचं काय? खातं बायकोचं आणि लिहिणारा नवरा असला, तर या न्यायाने खातेदार म्हणून तिलाच धरायचं का? नाही. राघोबादादांना धरलं ते निव्वळ त्यांचं नाव होतं म्हणून नव्हे. कटाची मूळ सूत्रं त्यांच्या हातात होती म्हणून. नावाबरोबर सत्ताही ज्याच्या हातात, त्याला नावाआड लपता येत नाही. जिच्या हातात नुसतं नाव आहे आणि चावी दुसऱ्याकडे, तिची गोष्ट निराळी.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा प्रसंग सांगतो. महिलांसाठी राखीव जागेवरून कमिटीत आलेल्या एक काकू आहेत. पार्किंगचा वाद पेटला होता. भाडेकरूंच्या दुचाक्यांना मागच्या भिंतीलगत जागा आखून द्यावी, असं काकूंनी स्वतः मीटिंगमध्ये सुचवलं होतं. वहीत तशी नोंदही आहे. त्यानंतर एका रात्री अकरा वाजून गेल्यावर काकूंच्या नंबरवरून मेसेज आला: 'मी आधीही बोललो होतो, आता शेवटचं सांगतो. भाडेकरूंनी आपल्या पायरीने राहावं.' बोललो, सांगतो. मराठीत क्रियापदच बोलणारा पुरुष की बाई ते सांगून टाकतं, त्यामुळे फोन कुणाच्या हातात होता हे ग्रुपवरच्या प्रत्येकाला कळलं. सकाळी त्याच नंबरवरून दुसरा मेसेज: 'काल रात्री माझ्या नंबरवरून चुकून गेलेल्या मेसेजबद्दल मी सर्वांची माफी मागते. यजमानांचा तसा हेतू नव्हता.' खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली, 'काकू, तुम्ही कशाला माफी मागता' असं दोघा-तिघांनी लिहिलं, आणि विषय संपला. तिसऱ्या मजल्यावरचं भाडेकरू कुटुंब तोवर ग्रुपमधून बाहेर पडलेलं होतं. पुढच्या मीटिंगला पार्किंगचा विषय निघाला तेव्हा काकू खाली बघत बसल्या. त्यांची स्वतःची सूचना मांडायलाही त्या उठल्या नाहीत.

इथे नुकसान कशाचं झालं? भाडेकरूंचा अपमान झाला, ते उघडच आहे. पण काकूंचं एक मत होतं, त्यांनी ते चारचौघांत मांडलेलं होतं, आणि कुणीतरी त्यांच्याच नावाने त्याच्या बरोबर उलटं मत जाहीर करून टाकलं. त्यावर त्यांनी माफी मागितली ती यजमानांच्या वतीने, म्हणजे जे बोलल्याच नाहीत त्याची जबाबदारी घेऊन आणि जे बोलल्या होत्या ते गिळून. ग्रुपवरच्या सगळ्यांना सत्य माहीत होतं आणि सगळ्यांनी ते चालवून घेतलं. 'तुम्ही कशाला माफी मागता' असं त्यांना म्हणणाऱ्यांपैकी एकानेही 'काका, तुम्ही लिहा' असं म्हटलं नाही. मीही नाही, आणि तिथे बोलण्यासारखं तेवढं एकच होतं.

सोसायटीच्या ग्रुपवर जे घडलं तेच ग्रामपंचायतीत घडतं तेव्हा त्याला आपण 'सरपंचपती' म्हणतो आणि हसून सोडून देतो. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचं आरक्षण ५० टक्क्यांवर नेलं, हजारो बायका खुर्चीवर आल्या. आणि त्यांच्या सहीचा शिक्का, फोन, फेसबुक पेज, सगळं अनेक घरांत नवऱ्याच्या खिशात गेलं. मार्च २०२५ मध्ये छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यातल्या परसवारा गावात तर कळस झाला. निवडून आलेल्या सहा महिला पंचांऐवजी त्यांच्या नवऱ्यांनी शपथ घेतली. व्हिडिओ सगळीकडे फिरला, ग्रामपंचायतीचा सचिव निलंबित झाला. सचिवावर कारवाई व्हायलाच हवी होती. पण त्या सहा बायकांची माफी कुणी मागितली? त्यांच्या नावाने शपथ घेणाऱ्यांनी? सार्वजनिक चर्चेत त्या बायका पीडित म्हणून आल्याच नाहीत. 'अशा बायका निवडून देऊन उपयोग काय' असा टोमणा मात्र त्यांच्या वाट्याला आला. ज्याचं नाव वापरलं गेलं त्यालाच जाब विचारायचा, ही तीच उफराटी रीत.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. त्यातले काही भक्कम आहेत आणि ते उडवून लावण्यात अर्थ नाही.

सगळ्यात वजनदार मुद्दा असा की एक माणूस, एक फोन, एक खातं हे चित्र आपल्या घरांना लागूच होत नाही. घरात एकच स्मार्टफोन असतो. तो सकाळी मुलाच्या अभ्यासाला, दुपारी आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपला, रात्री बाबांच्या बातम्यांना. आजोबांचं खातं नातवाने काढून दिलेलं असतं आणि पासवर्डही त्यालाच माहीत असतो. कित्येक बायकांचा फेसबुकवरचा प्रवेशच नवऱ्याने खातं काढून दिलं म्हणून झाला. तिथे 'तुझं खातं, माझं खातं' असा काटेकोरपणा आणणं म्हणजे शहरातल्या दोन-दोन फोनवाल्यांचा नियम सगळ्यांवर लादणं नाही का? हा आक्षेप मला पटतो, अर्ध्यापर्यंत. फोन सामाईक असणं ही अनेकांची गरज आहे. पण सामाईक फोनमधून आवाजही सामाईक होतो, असं कुणी ठरवलं? आपल्याकडे आंतर्देशीय पत्रं जायची तेव्हा एका निळ्या कागदावर सगळं घर लिहायचं. वडिलांचा मजकूर संपला की आई उरलेल्या जागेत चार ओळी घालायची, कडेच्या घडीवर बहिणीचं 'ता.क.' असायचं, आणि आजीला लिहिता येत नसलं तर नातू लिहायचा, 'आजी सांगते म्हणून लिहितो'. कागद एक, पण कुठला शब्द कुणाचा हे वाचणाऱ्याला कधी विचारावं लागलं नाही. निरक्षर आजीच्या वतीने लिहिणारा दहा वर्षांचा पोरगाही तिच्या तोंडी आपलं म्हणणं घालत नव्हता. मग हातात फोन असलेल्या प्रौढ माणसाला मेसेजखाली स्वतःचं नाव टाकणं अवघड का जावं? आजही कितीतरी वयस्कर जोडपी एकाच नंबरवरून लिहितात आणि खाली न चुकता 'सौ.' किंवा स्वतःचं नाव घालतात. त्यांना कुणी नियम शिकवला नाही. सामाईक फोनवर नाव न घालता लिहिणं नजरचुकीनेही होतं, पण भांडणाच्या वेळी ते बहुधा नजरचुकीने होत नाही.

दुसरा मुद्दा: पासवर्ड तिनेच दिला होता ना? मग जबाबदारी तिचीच. फेसबुकच्या अटींमध्येही पासवर्ड दुसऱ्याला देऊ नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे. या मुद्द्यात तथ्य आहे, आणि त्याची सगळ्यात बारकाईची छाननी इंग्लंडमधल्या एका खटल्यात झाली. फुटबॉलपटू वेन रूनीची पत्नी कोलीन हिच्या खासगी इन्स्टाग्राम पोस्टमधली माहिती 'द सन' या वर्तमानपत्राला फुटत होती. तिने सापळा लावला, खोट्या स्टोऱ्या एकाच खात्याला दिसतील अशी सोय केली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केलं की ते खातं दुसरा फुटबॉलपटू जेमी वार्डी याची पत्नी रिबेका हिचं आहे. रिबेकाचं म्हणणं, माझं खातं इतरही लोक वापरतात. तिने बदनामीचा दावा लावला. चौकशीत महत्त्वाचा ठरला असता असा तिच्या एजंटचा फोन उत्तर समुद्रात पडून गेला. जुलै २०२२ मध्ये निकाल लागला. न्यायाधीशांनी 'खातं तुझं म्हणून दोषी तू' असा सोपा हिशोब केला नाही. माहिती प्रत्यक्षात एजंटने पुरवली असावी, पण रिबेकाला ते ठाऊक होतं आणि तिची त्याला संमती होती, असं पुराव्यांवरून ठरवून दावा फेटाळला. कसोटी चावी कुणाला दिली ही नव्हती. चावीने काय चाललंय हे माहीत होतं का आणि मान्य होतं का, ही होती. हीच कसोटी मी नवरा-बायकोला लावतो. माहीत होतं आणि चालवून घेतलं, तर तिनेही आपल्या वाट्याची माफी मागावी, जरूर मागावी. माहीत नव्हतं, तर पासवर्ड सांगणं हा विश्वास होता, आणि विश्वास ठेवला म्हणून विश्वासघाताची जबाबदारी तिच्यावर टाकता येत नाही.

याच्याशी मिळतीजुळती गल्लत आपल्या न्यायालयांत स्त्रीधनाबाबत झाली होती. लग्नानंतर सासरी आणलेले दागिने-वस्तू एकाच छताखाली, एकाच कपाटात राहतात, म्हणून ती दोघांची सामाईक मालमत्ता होते, असा युक्तिवाद चालायचा आणि १९८२ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो उचलूनही धरला होता. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. स्त्रीधन तिचं म्हणजे तिचंच. नवऱ्याच्या ताब्यात विश्वासाने ठेवलं म्हणून त्याचं होत नाही, आणि त्याने ते बळकावलं तर तो फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. कपाट एक असलं तरी दागिना कुणाचा हे आपल्याला चाळीस वर्षांपूर्वी कळलं. मग नाव हे दागिन्याहून हलकं आहे का? इंग्रजी कायद्यात एकेकाळी लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्वच नवऱ्यात विरघळायचं; करार त्याचा, कमाई त्याची, खटला त्याच्या नावाने. तो कायदा मोडायला इंग्लंडला १८८२ साल उजाडलं. भारतात १८७४च्या कायद्याने विवाहितेची स्वतःची कमाई तिची ठरवली, तीही हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रिया सोडून इतरांसाठी. एवढा पल्ला गाठल्यावर फेसबुकवर तेच विरघळणं आपण 'प्रेमात कसलं आलंय तुझं-माझं' म्हणून परत आणतो आहोत.

तिसरा मुद्दा माझ्यासारख्याला सगळ्यात जास्त टोचतो. जाहीर माफीची मागणी हाच आता एक क्रूर खेळ झाला आहे. हजारो अनोळखी लोक एका माणसाच्या मागे लागतात, माफी मागितली तर 'मनापासून नाही', नाही मागितली तर 'माजलाय'. अनेकदा ज्याने काही केलेलंच नाही त्याचंही रोजीरोटीचं नुकसान होतं. जून २०२० मध्ये लॉस एंजेलिस गॅलेक्सी या फुटबॉल क्लबने अलेक्सांदर कताई या सर्बियन खेळाडूला मोकळं केलं, कारण त्याच्या पत्नीने तिच्या स्वतःच्या खात्यावर वर्णद्वेषी मजकूर टाकला होता. कताईने तो मजकूर निषेधार्ह असल्याचं सांगून जाहीर माफी मागितली होती, तरी दोन दिवसांत त्याचं काम गेलं. म्हणजे नेहमी बाईच भरडली जाते असंही नाही. तो मजकूर घृणास्पदच होता. पण शब्द एकाचे आणि शिक्षा दुसऱ्याला, हे मला तिथेही पटत नाही. आणि नेमकं म्हणूनच माझी मागणी या खेळात भर घालणारी नाही. मला मोठ्या आवाजातली, रडवेली, कॅमेऱ्यासमोरची माफी नकोच आहे. मला लहान पण योग्य पत्त्यावरची माफी हवी आहे. वर्तमानपत्रात चुकीची बातमी आली की खुलासा त्याच ठळकपणे, त्याच जागी छापावा, अशी अपेक्षा आपण करतोच ना? तसंच इथे. सोसायटीच्या काकांनी स्वतःच्या नंबरवरून तीन वाक्यं लिहायची होती: रात्रीचा मेसेज मी लिहिला, हिला न विचारता लिहिला. हिचं मत वेगळं आहे आणि ते मीटिंगच्या वहीत आहे. हिची आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाची मी माफी मागतो. यातलं एकही वाक्य कुणाला उद्ध्वस्त करत नाही. जमावाची भूकही त्याने वाढत नाही, कारण कोण, काय, कुणाचं हे सगळं स्पष्ट झाल्यावर तर्ककुतर्क करायला जागा उरत नाही. भूक वाढते ती 'घरच्यांकडून झालं', 'अॅडमिनकडून चुकलं', 'खातं हॅक झालं' अशा धूसर वाक्यांनी.

आणि हो, थापांचा प्रश्न उरतोच. स्वतः लिहून नवऱ्यावर किंवा बायकोवर ढकलणारे लोक आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण ज्याच्यावर ढकललं आहे त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खात्यावरून पुढे येऊन लिहायचं म्हटलं, तर थाप मारणं किती अवघड होईल पाहा. आज बायकोवर ढकलणं सोपं आहे, कारण तिला समोर यावंच लागत नाही. तो तिच्या वतीने कबुली देतो आणि तिच्याच वतीने क्षमाही मिळवतो. लिहिणाऱ्याने समोर यायचं ही अट घातली की खोट्या ढकलाढकलीसाठी दुसऱ्या माणसाला उघडपणे, जन्मभरासाठी खोटं बोलायला तयार करावं लागेल. काही जण तेही करतील. पण आजच्याइतके नाही.

एक आक्षेप असा आहे की जो वादात कुणी काढत नाही, पण मला सगळ्यात गंभीर वाटतो. ज्या घरात नवरा बायकोच्या फोनचा ताबा धाकाने घेतो, तिथे 'त्याने जाहीर माफी मागावी' असा बाहेरून जोर लावला तर त्या रात्री त्या घरात काय होईल? चारचौघांत अपमान झाला म्हणून त्याची किंमत ती मोजणार. हे खरं आहे, आणि अशा घरांसाठी माफीचा उपाय सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. तिथे लोकांनी माफीची मागणी करू नये, त्याला ती मागायला लावू नये, आणि तिच्या खात्यावर काय आलं त्यावरून तिला जाब तर मुळीच विचारू नये. तिथे उपयोग आहे तो कायद्याचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क (इंग्रजीत ६६सी) सांगतं की अप्रामाणिकपणे दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. संगणक किंवा फोन वापरून दुसऱ्याच्या नावाने फसवणूक केली तर ६६-ड (६६डी) आहे. या दोन्ही कलमांत 'पती-पत्नी वगळून' असे शब्द कुठेही नाहीत. ती पोलिस ठाण्यात गेली आणि म्हणाली की माझ्या नावाने माझा नवरा लिहितो, माझा फोन त्याच्याकडे आहे, तर समोरच्या टेबलावर बसलेल्या माणसाने 'नवराच आहे ना, घरात बसून मिटवा' असं म्हणून तिला परत पाठवू नये. तक्रार लिहून घ्यावी, तिच्या शब्दांत, आणि खाली सही तिची घ्यावी.